मॅन्युअलमधलं ते पान बुकिंगआधी दाखवा

प्रति,
बेळगाव, खानापूर, चिक्कोडी आणि निपाणी भागात इलेक्ट्रिक गाड्या विकणारे शोरूम मालक, सेल्स मॅनेजर आणि सेल्सची मुलं यांस

प्रत माहितीसाठी : माननीय जिल्हाधिकारी, बेळगाव

विषय : ‘गाडी स्वतःच चालते’ ही जाहिरात आणि त्याच गाडीच्या पुस्तकात छापलेल्या मर्यादा

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विकता त्या प्रत्येक गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक येतं. काही गाड्यांत ते आता कागदावर नसतं, स्क्रीनमध्ये नाहीतर ॲपमध्ये असतं. त्यात एडासचं, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचं, एक प्रकरण असतं. त्या प्रकरणात एक पान असं असतं, की ते वाचल्यावर शोरूमबाहेरचा फ्लेक्स याच गाडीचा आहे का, अशी शंका यावी. जोराचा पाऊस, धुकं, समोरून डोळ्यांवर येणारं ऊन, पुसट झालेले पट्टे, अवघड वळण, चढाचा माथा, कॅमेऱ्यावर उडालेला चिखल, रस्त्यात उभं असलेलं वाहन, जनावर, कडेकडेनं जाणारी दुचाकी, मागं माल बाहेर आलेला ट्रक. यातलं काहीही पुढ्यात आलं तर यंत्रणा ओळखेलच असं नाही. हात स्टिअरिंगवर ठेवा, नजर रस्त्यावर ठेवा, जबाबदारी चालकाची. कंपनी कुठलीही असो, मजकूर थोड्याफार फरकानं हाच.

ते पान गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी दाखवा, एवढंच माझं मागणं आहे.

गैरसमज नको म्हणून सांगतो, इलेक्ट्रिक गाडीशी माझं काही वाकडं नाही. रात्री घरच्या मीटरवर लावावी, सकाळी अनगोळातून उद्यमबागेत जावं, संध्याकाळी परत यावं, याला तिच्यासारखी गाडी नाही. पुढच्यानं अचानक ब्रेक मारला तर आपल्या आधी ब्रेक लावणारी यंत्रणाही कामाची आहे, ती असावीच. आणि ही यंत्रणा फक्त इलेक्ट्रिक गाडीत असते असंही नाही, पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांतही आहे. तरी तिचा गाजावाजा इलेक्ट्रिकमध्येच जास्त का? मला वाटतं, इंजिन गेलं आणि त्याबरोबर सांगण्यासारखंही बरंच गेलं. पिकअप सगळ्यांनाच आहे, आवाज कोणालाच नाही. मग उरला स्क्रीन. जे काही विकायचं ते आता स्क्रीनवर दाखवून विकायचं.

माझं आयुष्य लेथवर गेलं. उद्यमबागेत ज्याचा कारखाना आहे त्याला हे वेगळं सांगायला नको, की शाफ्टचं ड्रॉइंग येतं तेव्हा मापाबरोबर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला असतो. पन्नास एमएम, प्लस-मायनस इतके मायक्रॉन. त्याच्या बाहेर गेलं की सगळा लॉट परत. याच गाड्यांना माल पुरवणाऱ्या आमच्या लोकांकडून कंपन्या केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकाचा हिशेब मागतात. आणि त्याच कंपनीच्या जाहिरातीत माप असतं, टॉलरन्स नसतो. तो पुस्तकात असतो, आणि पुस्तक गाडी दारात आल्यावर मिळतं.

आता ते पान डोळ्यांपुढं ठेवून जरा आपल्या जिल्ह्यातून फिरून या.

गाळप सुरू झालं, की संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी, अथणीकडच्या रस्त्यांवर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. मागचा दिवा असलाच तर उसाखाली दडलेला, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि पुढं ड्रायव्हरच्या टपावर गाणी लागलेली, म्हणजे हॉर्न ऐकू जाण्याचा प्रश्नच नाही. कॅमेऱ्याला वाहनाची पाठ शिकवलेली असते : चौकोनी आकार, दोन लाल दिवे, नंबरप्लेट, खाली चाकं. इथं त्यातलं काय दिसतं? अंधारात चालणारं उसाचं गबाळ. ट्रॉली पंक्चर झाली, की ती तिथंच रस्त्यात उभी राहते. मागं चार दगड मांडतात आणि झाडाची एक फांदी खोचतात. ती फांदी दिसली की आपल्याकडचं पोरगंसुद्धा ब्रेकवर पाय ठेवतं. गाडीच्या हिशेबी ती झाडाची फांदीच.

उभ्या वाहनाची अडचण नीट समजून घ्या, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनाही ती कोणी सांगितलेली नाही. रडारला रस्त्याकडेचा खांब, पाटी, पुलाचा कठडा, सगळ्यांवरून प्रतिध्वनी येत असतो. प्रत्येकासाठी ब्रेक लावायचा म्हटलं तर गाडी पुढं सरकायचीच नाही. म्हणून बऱ्याच यंत्रणा जास्त वेगात असताना मुळात हलत नसलेल्या वस्तूंकडून येणारा संदेश कमी धरतात. पुढं पळणारी गाडी हळू झाली तर ती छान ओळखते. आधीपासूनच थांबलेलं धूड मात्र ओळखेलच याची खात्री नाही. हा काही बिघाड नव्हे. यंत्रणा बनवतानाच केलेली ती तडजोड आहे, आणि म्हणूनच पुस्तकात छापलेली आहे.

जांबोटीवरून कणकुंबी, पुढं चोर्ला घाट. जुलैमध्ये तिथं वायपर फुल्ल स्पीडला असूनही बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, पट्टे सोडाच. लोंढ्याकडून अनमोडला जाताना जंगलात गवा रस्त्यात उभा असतो आणि तो कोणाच्या बापासाठी हलत नाही. हायवेवर सहापदरीचं काम चाललं की आज डावीकडून, उद्या उजवीकडून वळवलेला रस्ता. गणपत गल्ली आणि खडेबाजाराबद्दल काही लिहीत नाही, तिथं हात सोडायचं धाडस तुमचा सेल्समनही करणार नाही.

हायवेवर मात्र तो करतो. मी एका शोरूमची टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, नाव घेत नाही, कारण इतरांकडेही याहून वेगळं काही घडत असेल असं वाटत नाही. काकती मागं पडली आणि शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “काका, सोडा की आता हात. काय होत न्हाई ओ.” समोरच्या स्क्रीनवर गाडीच्या दोन्ही बाजूंना रंगीत रेघा उमटल्या, स्टिअरिंग आपलं आपण इकडंतिकडं बारीक हलायला लागलं. खरं सांगतो, गंमत वाटली. थोड्या वेळानं स्क्रीनवर हाताचं चित्र आलं आणि बीप वाजायला लागलं. मुलानं शेजारून एक बोट लावून स्टिअरिंगला हलका झटका दिला. बीप थांबलं. “असं अधनंमधनं हलवायचं, मग ते गप बसतंय,” म्हणाला.

चालकानं लक्ष ठेवावं म्हणून कंपनीच्या इंजिनियरांनी बसवलेला तो एकमेव पहारा. तो कसा चुकवायचा, ते टेस्ट ड्राइव्हमध्येच शिकवलं गेलं! पुढं कामासाठी रस्ता वळवला होता. जुना पांढरा पट्टा सरळ जात होता आणि त्याच्यावर ड्रम मांडलेले होते. गाडी जुन्या पट्ट्याला इमानदार राहिली. मी स्टिअरिंग ओढलं. मुलगा म्हणाला, “इथं जरा काम चाललंय म्हणून.” पुस्तक मागितलं तर म्हणाला, डिलिव्हरीला मिळतंय की.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे आणि ट्रेनिंगमध्ये त्याला व्हिडिओ दाखवतात, पुस्तक नाही. गाडीचीही चूक नाही, ती तिच्या पुस्तकाप्रमाणेच वागली.

असं वळवलेल्या रस्त्यावर काय होऊ शकतं याचं उदाहरण चीनमध्ये घडलेलं आहे. २९ मार्च २०२५ च्या रात्री तिथल्या आन्हुई प्रांतात शाओमीची एसयू-७ ही इलेक्ट्रिक गाडी सहाय्यक यंत्रणा चालू ठेवून ताशी ११६ किलोमीटरनं चालली होती. पुढं दुरुस्तीसाठी लेन बंद होती. यंत्रणेनं इशारा दिला, चालकानं गाडी हातात घेतली आणि काही सेकंदांत ती ताशी ९७ च्या वेगानं काँक्रीटच्या कठड्यावर आदळली. तीन विद्यार्थिनी गेल्या. पुढच्याच महिन्यात चीनच्या उद्योग मंत्रालयानं कंपन्यांना बोलावून बजावलं, की ‘स्वयंचलित ड्रायव्हिंग’, ‘स्मार्ट ड्रायव्हिंग’ असले शब्द जाहिरातीत नकोत. जगात सर्वांत जास्त इलेक्ट्रिक गाड्या विकणाऱ्या देशाला हे करावं लागलं.

अमेरिकेतली गोष्ट त्याहून जुनी. मे २०१६ मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलटवर, म्हणजे टेस्लाच्या अशाच सहाय्यक यंत्रणेवर, चाललेली टेस्लाची गाडी रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक गेला. तपासात निघालं, की ऑटोपायलट चालू असलेल्या ३७ मिनिटांत त्याचे हात स्टिअरिंगवर जेमतेम २५ सेकंद होते. त्याच वर्षी टेस्लानं एक व्हिडिओ काढला. सुरुवातीलाच पाटी : चालकाच्या सीटवरचा माणूस फक्त कायद्यासाठी बसला आहे, तो काही करत नाही, गाडी स्वतः चालते आहे. पुढं २०२२ मध्ये कंपनीच्याच वरिष्ठ इंजिनियरनं कोर्टाच्या कामात जबानी दिली, की त्या व्हिडिओसाठी रस्त्याचा नकाशा आधीच भरून ठेवला होता, चाचण्यांच्या वेळी चालकांना मध्ये पडावं लागलं होतं आणि गाडी आपली आपण पार्क होते हे दाखवण्याच्या नादात एक गाडी कुंपणावर आदळली होती. व्हिडिओ पाहून गाड्या घेणाऱ्यांना हे सहा वर्षं माहीत नव्हतं. म्युनिकच्या न्यायालयानं २०२० मध्येच त्या कंपनीची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीतल्या ज्युरीनं २०१९ च्या एका अपघातात टेस्लावर ३३ टक्के जबाबदारी टाकून सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर भरायला सांगितले. उरलेली जबाबदारी चालकाची, हेही ध्यानात घ्या. गाडीवर विसंबलेला माणूस कोर्टात सुटत नाही.

टेस्ला आता मुंबईतही आहे. जुलै २०२५ मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात शोरूम उघडलं तेव्हा साठ लाखांच्या आसपासच्या गाडीवर ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’साठी आणखी सहा लाख, अशी किंमत लावली होती. आणि खालच्या बारीक अक्षरांत, सध्याच्या सोयींना चालकाची सक्रिय देखरेख लागते, त्यांनी गाडी स्वयंचलित होत नाही. सहा लाखांत आपल्याकडं एक नवी छोटी गाडी येते, चालवायला माणूस तेवढा लागतो! तुमच्यापैकी कोणी टेस्ला विकत नाही, ठाऊक आहे. पण रीत तीच आहे : मोठ्या अक्षरांत एक आणि बारीक अक्षरांत त्याच्या उलट.

फ्लेक्सवर ‘लेव्हल टू एडास’ असं छापलेलं असतं, त्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या एसएई या इंजिनियरांच्या संस्थेनं शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी चालवणारा माणूसच असतो, सगळा वेळ. तिसऱ्या पायरीपासून काही ठरावीक परिस्थितीत गाडीवर सोपवता येतं. काही ठिकाणी ‘टू प्लस’ असं लिहिलेलं दिसतं, तशी पायरी त्या तक्त्यात नाहीच. आणि आपल्या देशात चालकाविना गाडी येऊ देणार नाही, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी २०१७ मध्येही बोलले आणि २०२३ मध्येही. त्यांचं कारण वेगळं होतं, चालकांचा रोजगार जाईल हे. पण मग जे रस्त्यावर चालवायलाच मुभा नाही, ते आमच्याकडं कशाच्या जोरावर विकलं जातंय?

तुम्ही म्हणाल, जाहिरात कंपनी करते, आम्ही फक्त विकतो. टीव्हीवरची कंपनीची, मान्य. पण ‘तुम्ही फक्त बसा, बाकी गाडी बघून घेईल’ असं लिहिलेला फ्लेक्स आपल्याच प्रेसमध्ये छापला गेला. हात डोक्यामागं घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाचं रील शोरूमच्याच पानावर आलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ खाली दिशाभूल करणारी जाहिरात बंद करायचा आदेश उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही देता येतो. उत्पादकाला आणि जाहिरातीत शिफारस करणाऱ्याला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची बंदीही येऊ शकते. तुम्ही पैसे देऊन रील करून घेता त्या पोरांना हे सांगितलंय का? त्यांच्यातली निम्मी अजून कॉलेजात आहेत.

जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं या कायद्याखाली मार्गदर्शक सूचना काढल्या. खालच्या टीपेबद्दल त्यात स्पष्ट लिहिलंय : जाहिरातीत दावा ज्या भाषेत, टीपही त्याच भाषेत. अक्षर दाव्याला जे, तेच टीपेला. दावा बोलून दाखवला असेल तर टीप त्याच्या जोडीनं, त्याच वेगानं दिसली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे दिशाभूल करणारा दावा टीप टाकून दुरुस्त करायचा नाही. आपल्या घरोघरी मराठी चॅनल लागतात. दावा मस्त मराठीत येतो, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत एक ओळ येते आणि जाते. आमच्या गल्लीत चाळिशीच्या वरच्या कोणाला ती वाचता येईल?

आपल्या गावात पाटी कुठल्या भाषेत, यावर आजवर किती भांडणं झाली. साठ टक्के कन्नडचा नियम आल्यापासून तर टेप घेऊन अक्षरं मोजायची पाळी. पाटीवर लिहिलंय ते खरं आहे का, हे मात्र कोणी मोजत नाही. या एका बाबतीत मराठी आणि कन्नड गिऱ्हाईक अगदी सख्खे भाऊ आहेत.

सीमेवर राहण्याचा आणखी एक भाग. आपल्याकडचे लोक गाडी कोल्हापुरात घेतात, गोव्यात घेतात, हुबळीला जाऊन घेतात, जिथं डिलिव्हरी लवकर मिळेल तिथं. आणि मग वाटतं, आता भांडायलाही तिकडंच जावं लागेल. नव्या कायद्यानं ती अडचण काढली. गिऱ्हाईक राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देता येते, गाडीसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असली की झालं. शोरूम कागलच्या पलीकडं असलं तरी तारीख बेळगावात पडेल. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तोही लिहून ठेवण्यासारखा.

आता मागणं नीट मांडतो. त्या पानाचं मराठी आणि कन्नड भाषांतर करून ते बुकिंगच्या फॉर्मला जोडा आणि गिऱ्हाइकानं वाचल्यावरच आगाऊ रक्कम घ्या. टेस्ट ड्राइव्हला हायवेवर नेता तसं खानापूर रोडलाही न्या, दिवेलागणीला न्या, आणि पाऊस असेल तर रद्द करू नका, मुद्दाम न्या. यंत्रणा कुठं सोडून देते ते गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, तिथं शेजारी तुमचा माणूस असतो. हात सोडलेली रीलं काढून टाका. आणि बीप चुकवायला शिकवणं आजच्या आज बंद करा. बाकीच्याला महिना लागला तरी चालेल, याला नाही.

यानं विक्री मार खाईल अशी भीती असेल तर रेंजचं, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती पळते त्याचं, बघा. सुरुवातीला सगळे फक्त प्रमाणपत्रावरचा आकडा सांगायचे आणि गिऱ्हाईक महिन्याभरात शोरूमला येऊन भांडायचं. आता कंपन्याच दोन आकडे द्यायला लागल्या आहेत. टाटांनी हॅरियर ईव्हीसाठी प्रमाणित ६२७ किलोमीटर सांगितले आणि प्रत्यक्ष वापरात ४८० ते ५०५ पडतील हेही सांगितलं. दुसरा आकडा सांगितला म्हणून गाडी विकायची थांबली नाही. उलट गिऱ्हाईक हिशेब करूनच येतं, पुण्याला जाताना चार्जिंगला कुठं थांबायचं ते ठरवून येतं. रेंजच्या बाबतीत जे जमलं ते एडासच्या बाबतीत न जमायला काय झालं?

जिल्हाधिकारी साहेबांना प्रत पाठवायचं कारण, ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम १६ आणि १७ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार त्यांच्याकडं देता येते, आणि चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवायचा अधिकार त्यांना आहे. आज फक्त प्रत देतोय. गाळप सुरू व्हायच्या आधी फ्लेक्स आणि रीलं उतरली नाहीत, तर फोटोंसकट रीतसर तक्रार देईन.

भाषांतराची काळजी करू नका. उद्यमबागेत इंग्रजी मॅन्युअलवरून मशिनं चालवून केस पांढरे झालेले आम्ही तिघं-चौघं आहोत, त्यातला एक कन्नडही उत्तम लिहितो. तुमच्या गाडीचं पुस्तक द्या, आठ दिवसांत दोन्ही भाषांत पान तयार करून देतो. कंपनीची परवानगी तुम्ही काढा. छपाईचं आम्ही बघतो.

कळावे,

आपला,
एक गिऱ्हाईक
अनगोळ, बेळगाव